गादीवर बसण्याआधी

साडीच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाला घाम येऊन चालत नाही. हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी दुसरं काहीतरी बघितलं असतं, कारण मला घाम फार. त्यात मी राहायला शहराच्या कडेच्या सातारा परिसरात, दुकान गुलमंडीच्या अलीकडे, आणि येणंजाणं सायकलवर. मोटारसायकल एकदा शिकायला घेतली होती. पहिल्याच आठवड्यात बीड बायपासवर एका टेम्पोनं असा काही कट मारला की त्या प्रकाराला मी कायमचा रामराम ठोकला.

पहिल्या दिवशी दुकानात पोचलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. शेठनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मागच्या बाजूला बोट दाखवलं. मागं एक अंधारी मोरी होती. तिथं पाण्याचा ड्रम होता आणि ड्रमाशेजारी नुसत्या बनियनमध्ये बसून एक पन्नाशी ओलांडलेला माणूस मन लावून पाय घासत होता. तेच मामा. सगळं दुकान त्यांना मामा म्हणायचं, शेठसुद्धा. मूळचे बिडकीनकडचे. शेती भाऊ बघायचा, हे तरुणपणीच शहरात आले आणि पैठण रोडला कांचनवाडीत राहिले. दुकानात सायकलवर येणारे तेवढे एकटेच होते. आता आम्ही दोघं झालो.

त्यांनी तांब्या माझ्यापुढं केला. "दोन तांबे घ्यायचे," ते म्हणाले. "तिसरा नाय. नळाला पाणी कवा येईल ह्याचा नेम नाय इथं."

ज्यानं कधी साडी विकली नाही त्याला ही धडपड समजायची नाही. आमच्याकडं साडी नुसती उलगडून दाखवत नाहीत. विकणारा माणूस ती स्वतःच्या कमरेला गुंडाळतो, निऱ्या घालतो, पदर खांद्यावर टाकतो आणि आरशासमोर वळून उभा राहतो. पैठणी, शालू, सगळं आधी आमच्या अंगावरून जातं. तळहाताचा घाम रेशमाला लागला की त्याचा पिवळट ठिपका उमटतो, आणि तो ठिपका मग देवानं इस्त्री केली तरी जात नाही. शिवाय गिऱ्हाईक हातभर अंतरावर बसलेलं असतं. सुंदर साडी आणि घामट माणूस या दोन गोष्टी एका नाकाला चालत नाहीत.

मामांनी मला सगळं शिकवलं, आणि ते शिकवणं एखाद्या पंतोजीसारखं होतं, म्हणजे चुकलं की टोमणा. घरून निघायचं ते जुन्या शर्टात. दुकानाचा शर्ट वर्तमानपत्रात गुंडाळून कॅरिअरला लावायचा, पाठीवर पिशवी घ्यायची नाही, कारण पिशवीखाली पाठ उबते. उस्मानपुऱ्यापर्यंत काय जोर लावायचा तो लावायचा, तिथून पुढं क्रांती चौक आणि पैठण गेटपर्यंत वरात चालल्यासारखं हळू यायचं, म्हणजे अंग वाऱ्यावर सुकतं. मोरीत आधी पाय, मग मान, मग काखा. काखेत तुरटी. पावडर नाही, गडद साडीवर पांढरं उतरतं. अत्तर तर नाहीच. साडीला अत्तराचा वास लागला की बायकांना वाटतं ही कुणीतरी नेसून परत केलेली आहे. शेवटी पंख्याखाली दहा मिनिटं हात उताणे ठेवून बसायचं. तळवे कोरडे झाल्याशिवाय गादीवर चढायचं नाही.

आणि पाणी प्यायचं नाही. उठल्यापासून दुकान उघडेपर्यंत घोटभरसुद्धा नाही, कारण पाणी प्यालं की घाम फुटतो. दुपारीही बेतानंच. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना उठून गल्लीच्या टोकाच्या मुतारीत जाणं शेठना खपत नसे, आणि मामांना तर स्वतःलाच खपत नसे. बाकी सगळं मी पाळलं, पाण्याचं मला जमलं नाही. रोज सकाळी आम्ही उस्मानपुऱ्याच्या चौकात भेटायचो. मी बाटली तोंडाला लावली की मामा मान फिरवायचे, जणू मी त्यांच्यासमोर बिडी ओढतोय.

गादीवर मामांची जागा आरशासमोर होती. लग्नाची साडी तिथंच दाखवली जायची. मिशा असलेला हा माणूस नवरीचा शालू खांद्यावर घ्यायचा, मान जराशी तिरपी करायचा, आणि कुणाला हसू यायचं नाही. मुलीची आई गप्प होऊन बघत राहायची. एकदा एका मुलीच्या बापाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलंय, समोर मामा उभे असताना. माझ्या अंगावर तीच साडी आली की ती दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसायची. मामांना या जागेचा किती अभिमान होता हे ते कधी बोलले नाहीत, पण त्या जागेवर दुसरं कुणी चुकून टेकलं तर ते शेजारी उभे राहायचे, तो माणूस उठेपर्यंत.

आता जे सांगायचं आहे ते दोन उन्हाळ्यांपूर्वीचं आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी मला उस्मानपुऱ्याच्या चौकात पहिल्यांदा तो वास आला. मामा बोलायला जवळ वाकले आणि काहीतरी उग्र, नाकात टोचणारं आलं. मी मनात म्हणालो, आज आंघोळ राहिली वाटतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मोरीत दोन तांबे, तुरटी, सगळं होऊन ते पंख्याखाली बसले तरी तो होताच. माझं नाक तयार झालेलं होतं, आणि ते तयार केलं होतं मामांनीच. शर्टाच्या कॉलरचा वास वेगळा, मोज्यांचा वेगळा, हे मला अंधारात ओळखू यायचं. त्यामुळं हाही घामाचाच कुठला तरी प्रकार असणार याबद्दल मला शंका आली नाही. वय झालं, घाम बदलला असेल, एवढाच विचार मी केला.

दुकानात कुजबुज सुरू झाली. बाकीची मंडळी जेवताना मामांपासून जरा सरकून बसायला लागली. शेठनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, तू त्यांच्याबरोबर येतोस-जातोस, तूच सांग, लग्नसराई तोंडावर आहे. मी टाळत राहिलो. ज्या माणसानं आपल्याला काखा धुवायला शिकवलं त्याला कसं सांगायचं की तुमचा वास येतो?

दुकानाच्या पायरीशी फॉल-पिकोचं मशीन घेऊन बसणारे एक भाई होते. त्यांच्याशी बोलताना मी हा विषय काढला, खरं तर सल्ला मागायला. त्यांनी मशीन थांबवलं. "ये पसीना नहीं है, भाई," ते म्हणाले. "मेरे वालिद को आखिर में ऐसाइच आता था. डाक्टर कने दिखाओ मामा को." मी हो हो म्हणालो आणि विसरलो. विसरलो असंही नाही. मला वाटलं, पिको करणाऱ्या माणसाला घामातलं काय कळतं. मी दिवसभर घामाशी झगडणारा माणूस, मला हे शिकवणार का? हा माज मला नेमका त्याच वेळी चढायचा होता.

शेवटी एका सकाळी उस्मानपुऱ्यात मी मामांना सांगितलं. शब्द जुळवून ठेवले होते, पण तोंडातून सरळच आलं. मामा, तुमच्या अंगाला वास येतोय, दुकानात बोलतात. ते सायकल धरून उभे होते. त्यांनी स्वतःची बाही नाकाशी नेली, मग दुसरी.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

महिना झाला असेल, मी म्हणालो.

"महिनाभर मी गादीवर तसाच बसलो व्हय?"

त्यांना राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. उलट ते म्हणाले की बरं झालं तू सांगितलंस, लोक पाठीमागं बोलतात, तोंडावर कुणी सांगत नाही. मग सायकलवर बसून ते निघाले, आणि त्या दिवशी क्रांती चौकापर्यंत ते माझ्यापासून दहा-बारा हात मागं राहिले. मी हळू झालो की तेही हळू व्हायचे.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या कॅरिअरला एक प्लॅस्टिकचा कॅन बांधलेला दिसू लागला. दुकानाच्या ड्रममधलं पाणी जास्त वापरणं त्यांना पटेना, म्हणून घरून धुण्यापुरतं पाणी ते सायकलवर वाहून आणायला लागले. कांचनवाडीपासून, भर उन्हाळ्यात, आणि त्यातला घोटभर प्यायचे नाहीत. सकाळचं पाणी बंद होतंच, आता दुपारचंही बंद केलं, चहा सोडला. पोटात पाणीच नाही तर घाम कुठून येईल, असं त्यांचं गणित होतं. मला ते चूक वाटलं नाही. खरं सांगायचं तर मला ते हुशारीचं वाटलं.

पुढच्या दोन महिन्यांत जे जे झालं त्याला आमच्याकडं आयतं कारण तयार होतं. मामा अंग खाजवायला लागले, तेव्हा आम्ही म्हणालो, इतका साबण चोळल्यावर कातडी कोरडी पडणारच. पाय सुजले, चपलेचे वळ उठायला लागले, तर म्हणालो, दिवसभर मांडी घालून बसतात. जेवण कमी झालं, डबा अर्धा परत जायला लागला, तर उन्हाळा आहे. मामांनी स्वतः यातल्या एकाही गोष्टीची तक्रार केली नाही. त्यांना काळजी एकाच गोष्टीची होती. रोज गादीवर चढण्याआधी ते मला मोरीशी बोलवायचे आणि खालच्या आवाजात विचारायचे, आज हाय का? मी नाही म्हणायचो. वास रोजच असायचा.

एप्रिलमध्ये एका लग्नाची मंडळी आली. नवरी, तिची आई, मावशी. मामांनी जांभळी पैठणी काढली, निऱ्या घातल्या, पदर खांद्यावर घेतला आणि आरशाकडं वळले. मावशीनं स्वतःचा पदर नाकाला लावला. तिनं ते हळूच केलं, तिला कुणाला दुखवायचं नव्हतं. पण मामा आरशातच बघत होते. त्यांनी पैठणी उतरवली, नीट घडी घातली, माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, तू दाखव. मग गादीवरून उतरले आणि माळ्यावर गेले. त्यांना कुणीही जा म्हणालं नव्हतं. आणि नंतर कुणीही या म्हणालं नाही.

माळ्यावर माल असायचा. वर पत्रा, खिडकी नाही, एक टेबलफॅन. तिथं ते साड्यांच्या घड्या बदलत बसायचे, आणि घामानं निथळायचे. जुनी गिऱ्हाइकं आली की विचारायची, मामा कुठं दिसत नाहीत? शेठ म्हणायचे, गावी गेलेत. मग आम्हीही तेच म्हणायला लागलो. माळ्याला फळ्या होत्या, खालचं बोलणं वर सगळं ऐकू जायचं. मी स्वतः किती जणींना सांगितलं असेल की मामा गावी गेलेत, आणि वर त्याच वेळी घडीखालच्या कागदाचा आवाज येत असायचा. मला त्याची लाज वाटायची. वाटायची आणि मी पुढची साडी उलगडायचो.

मेमध्ये एका सकाळी मामा उस्मानपुऱ्याला आले नाहीत. अर्धा तास थांबून मी दुकानात गेलो, तर मामींचा फोन येऊन गेला होता. रात्रीपासून उलट्या, आणि पहाटे ओळख पटेनाशी झाली. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. मी तसाच निघालो. दवाखान्यात पोचलो तेव्हा जुना शर्ट अंगावर, घामानं चिंब, आणि पहिल्यांदाच मला त्याचं काही वाटलं नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मामींना आणि मला त्यांनी बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडली आहेत. आजार जुना असावा, रक्तदाब कधी तपासला नसेल, तो आतून वाढत गेला. रक्तातली घाण बाहेर पडत नाही, म्हणून श्वासाला आणि अंगाला असा वास येतो, जवळ वाकताच आपल्याला कळलं, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी मामींना विचारलं, पाणी किती पीत होते? मामी म्हणाल्या, सकाळी घरी पीत नव्हते, दुकानात गेल्यावर पितात असं सांगायचे. दुकानातही पीत नव्हते, हे मी सांगितलं. जेवढं माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं, कॅनसकट. बाईंनी लिहायचं थांबवून माझ्याकडं बघितलं. नुसतं त्यानं हा आजार होत नाही, त्या म्हणाल्या, पण अशा उन्हात, असा आजार असताना, जे उरलं होतं तेही गेलं.

"एवढा वास होता," त्यांनी विचारलं, "कुणाच्याच लक्षात आला नाही?"

मामी म्हणाल्या, मला कोरोनापासून कसलाच वास येत नाही. मग दोघी माझ्याकडं बघायला लागल्या.

आला होता, मी म्हणालो.

दोन वेळा डायलिसिसनं रक्त धुतल्यावर मामा शुद्धीवर आले, थोडं बोलायलाही लागले. डॉक्टरीणबाईंनी मात्र आशा ठेवू नका असंच सुचवलं होतं, हृदयही थकलं होतं. त्या दिवशी मामी औषधं आणायला गेल्या आणि मी मामांच्या उशाशी बसलो. मला सांगून टाकायचं होतं. मी सांगितलं की मामा, तो वास घामाचा नव्हता. तो या आजाराचा होता. मला कळायला हवं होतं, पिकोवाल्या भाईंनी मला सांगितलंही होतं, मी ऐकलं नाही. मी तुम्हाला दवाखान्यात न्यायचं सोडून मोरीत पाठवलं. हे बोलताना मी रडलो, आणि ते लपवायचं मला सुचलं नाही. ते मला शिव्या देतील, निदान तोंड फिरवतील, असं वाटत होतं.

त्यांनी उशीवर मान माझ्याकडं वळवली.

"म्हंजे घाम नव्हता तो."

नव्हता, मामा.

"सायकलचा नव्हता."

नाही.

"मंग म्या घाण नव्हतो," ते म्हणाले. आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. आरशासमोर उभे राहायचे तेव्हाचा तो चेहरा मी कितीतरी दिवसांनी बघत होतो. माणूस मरायला टेकला होता आणि त्याला बरं वाटत होतं, कारण तो स्वच्छ होता. मला ते बघवेना.

त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, शेठला सांग, दुकानात सगळ्यांला सांग. मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या गेल्या सांगितलं. शेठ खाली बघत म्हणाले, ते बरे होऊन आले की त्यांची जागा त्यांचीच आहे. जेवताना सरकून बसणाऱ्यांतला एक जण उठून मोरीत गेला आणि बराच वेळ तिथंच राहिला.

संध्याकाळी मी हे सगळं मामांना जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, आता त्यांचं समाधान होईल. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तवा गिऱ्हाईक होतं का दुकानात?"

नव्हतं, मी म्हणालो, सकाळची वेळ होती.

"मंग गिऱ्हाईक असताना सांग. त्यांच्यापुढंच झालं ना समदं."

सांगतो, म्हणालो. त्या दिवशी मला ते अवघड वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकान गच्च भरलेलं होतं. लग्नाच्या तारखा अगदी तोंडावर होत्या, गादीवर पाय ठेवायला जागा नव्हती. आरशासमोर मी होतो. एक म्हातारी बाई, मामांचं जुनं गिऱ्हाईक, नातीला घेऊन आली होती. तिनं विचारलं, मामा नाहीत का? बाजूच्या दोघींनीही मान वर केली. हीच वेळ होती. सगळं दुकान ऐकू शकलं असतं. पाच-सहा वाक्यं होती, मी ती सायकलवर येताना म्हणून बघितली होती. पण माझ्या खांद्यावर शालू होता, शेठ गल्ल्यावरून बघत होते, नात हसत होती, आणि अशा वेळी मूत्रपिंड, वास, आजार हे शब्द कसे काढायचे ते मला कळेना. मामा गावी गेलेत, मी म्हणालो, आणि पदर सारखा केला.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो तेव्हा मामांचा श्वास जड झाला होता. ते दाराकडंच बघत होते. मी जवळ बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, सांगितलं का? त्यानंतर मामा एकच दिवस होते, पण हे तेव्हा मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी वेगळं काही बोललो असतो असं मला वाटत नाही.

"सांगितलं, मामा," मी म्हणालो. "दुकान भरलेलं होतं. सगळ्यांनी ऐकलं."